पादचारी: निरंक

किशोर साहेबांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पादचारी: निरंक. म्हणजे कर्जतहून चौक गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर, बोरीच्या वाडीसमोर, अख्ख्या दिवसात एकही माणूस रस्ता ओलांडत नाही.

"माणसंच नाहीत, मॅडम. दुभाजकाच्या भिंतीत कट ठेवायचा कुणासाठी?" साहेब म्हणाले.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी आई सगळ्या गावाला सांगते. त्या दिवशी तो शेंड्यावर थांबला नाही. कारण आदल्याच संध्याकाळी मी त्या वाडीसमोर उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत निम्मी वाडी रस्ता ओलांडून गेली होती.

मी रस्ता सुरक्षेची तपासणी करते. रस्ता बांधणारे आपल्या रस्त्याला नावं ठेवत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या बाहेरच्यांना बोलावतात. वळण, उतार, फलक, भिंती बघायच्या आणि कुठे माणूस मरेल ते मरायच्या आधी सांगायचं, एवढंच माझं काम. हा रस्ता मी मागून घेतला होता, कारण माझं माहेर तिथून हाकेवर आहे. बोरीच्या वाडीतली माणसं वर्षानुवर्षं आमच्या लावणीला येतात. ठमी आणि मी एकाच शेतात चिखल तुडवत मोठ्या झालो.

जुना रस्ता दोन गाड्यांपुरता होता. आता तो चौपदरी झाला आणि मधोमध कमरेएवढी काँक्रीटची भिंत उभी राहिली. एका अंगाला डोंगर आणि वाडी. दुसऱ्या अंगाला शाळा, रेशन, हातपंप आणि चौकला जाणाऱ्या रिक्षा. वाडीपासून पार वळणापर्यंत भिंतीला एक फट नाही.

दिवाळी झाली की ही वाडी वीटभट्टीवर जाते. दारांना काट्या लावून, कोंबड्यांसकट, पोराबाळांसकट. परत येते ती पावसाच्या तोंडावर. मी त्या संध्याकाळी मोजपट्टी घेऊन उभी असताना भट्टीचा ट्रक आला आणि शाळेच्या अंगाला माणसं उतरवून निघून गेला. टोपल्या, बोचकी, अंगावरची पोरं घेऊन माणसं त्या भिंतीपुढे नुसती उभी राहिली. ती गेली तेव्हा भिंत नव्हती.

मग ठमीने आपल्या जिजाला उचलून भिंतीवर बसवलं, स्वतः लुगडं खोचून वर चढली आणि पलीकडे उतरून लेकीला घ्यायला हात वर केले. तेवढ्यात एक गाडी तिच्या पाठीमागून सूं करत गेली. भिंतीला चिकटून उभं राहिलेलं माणूस चालवणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

"हे कवा बांधलं गं ताय?" ठमीने मला बघून विचारलं. "आता जिजीला साळंत घालायची हाय. रोज अशीच नेऊ काय तिला?"

मी म्हटलं, नाही, मी बघते. तिने मान हलवली आणि बोचकं उचललं.

हे सगळं मी किशोर साहेबांना सांगितलं. रस्त्याच्या कामाचं त्यांचं ऑफिस शिळफाट्याला, एका मिठाईच्या दुकानावर भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत होतं. बोलताना सारखा तुपाचा वास येत होता, त्यानेही मी चिडत होते.

"मोजणी केलीत जानेवारीत," मी म्हटलं. "तेव्हा वाडी भट्टीवर असते. बंद घरांसमोर उभं राहून म्हणायचं, इथे कुणी राहत नाही."

"आम्हाला कसं कळणार? वेळापत्रक वरून येतं."

"वाडीत जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं."

"विचारणार कुणाला? तुम्हीच म्हणता तिथे कुणी नव्हतं," साहेब म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले. किशोर साहेब वाईट माणूस नव्हते, याचाच मला जास्त संताप यायचा. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हे चहा मागवायचे, आईची तब्येत विचारायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

खरी गंमत पुढेच होती. त्या भिंतीला एक कट ठेवलेला होता, वाडीच्या पुढे, वळणावर, बंगल्यांच्या एका नव्या वसाहतीच्या कमानीसमोर. कमान तेवढी उभी होती. आत एकही बंगला नव्हता, नुसते चुन्याने आखलेले चौकोन. पण होणाऱ्या बंगल्यांत होणारी माणसं होणाऱ्या गाड्या घेऊन येतील, असा हिशेब धरून कट मंजूर झाला होता. जन्माला न आलेल्या गाड्या यांच्या तक्त्यात होत्या आणि जन्माला आलेली ठमी नव्हती. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

मी एवढा आवाज चढवला की खालचा मिठाईवाला वर बघायला आला. शेवटी साहेब कंटाळले. "बरं, शाळा सुरू झाली की एक दिवस पुन्हा मोजू. आकडा आला तर तुमच्या वाडीसमोर झेब्रा, गतिरोधक, मध्ये थांबायला जागा, सगळं देतो. शब्द आहे माझा."

मला वाटलं, जिंकले. वाडीत माणसं आहेत, शाळा सुरू आहे, मोजायला बसायचाच काय तो अवकाश.

मोजणीच्या दिवशी मला चौकला दुसऱ्या एका कामावर जावं लागलं. तिथल्या गॅरेजांच्या रांगेसमोर उभी असतानाही माझं मन वाडीसमोर होतं. संध्याकाळी मी मोजणीवाल्यांकडे पोचले तेव्हा दोन्ही माणसं झाडाखाली खुर्च्या टाकून पेंगत होती. खांबावर कॅमेरा लावलेला होता. मी कागद मागितला. गाड्या, टेंपो, ट्रक, मोटरसायकली, सगळ्यांच्या पुढे आकडे होते. पायी माणसांच्या पुढे काही नव्हतं.

"कुणी आलंच नाही मॅडम," त्यातला एक म्हणाला. "शाळेतही वाडीची पोरं दिसली नाहीत."

मी तशीच वाडीत गेले. सगळी वाडी घरात होती. माणसं अंगणात, पोरं ओट्यावर, बाया शेणाने सारवत होत्या. ठमीचा सासरा पदूबाबा खाटेवर बसला होता. वाडीत त्याचा शब्द चालतो. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की माझ्या हातात काही असतं तर मी आपटलं असतं.

"कसं झालं गं बाय?" त्याने विचारलं. "एक पोरगं रस्त्यावर सोडलं नाय. सकालपासून कुनाला पान्यालाबी जाऊ दिलं नाय. सरपंचाचा फोन आला ना, सायेब मोजाया बसनार हाय, शिस्तीत ऱ्हावा म्हनून."

"अहो बाबा, तुम्हाला मोजायलाच बसले होते ते. तुम्ही दिसायला हवं होतं."

पदूबाबाने माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "रानात जंगलखात्याचा सायेब लाकडाच्या मोलीवाल्या बाया मोजाया बसला, का आमी घरात बसतो. माझा बाप बसायचा, त्याचा बाप बसायचा. मोजलेलं मानूस सुटत नाय पोरी. आन हितं तर भित्तीवरनं उडी मारायची, म्हंजी गुन्हाच की. फोटो काडाया खांब लावलेला मीच बघितला सकाली."

त्याचं काय चुकलं, सांगा. साहेब लिहायला बसला की त्यातून वाडीचं भलं होतं, असं त्याने उभ्या जन्मात एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने आपली माणसं राखली होती. मला त्याचा राग आला, मग सरपंचाचा आला, मग सरपंचाला कळवणाऱ्याचा आला, आणि शेवटी त्या मोजणीचाच आला.

"मग आता?" ठमी दारातून म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

"आता आकडा नाही, म्हणून झेब्रा नाही. पुन्हा मोजायला लावते मी त्यांना."

"म्हंजी आमी पोरं घेऊन भित्तीवर चडायचं, गाड्यांच्या म्होरं उतरायचं, त्यांनी ते झाडाखाली बसून बघायचं, आन पुरंसं बघितलं का मंग वाट देनार?" ठमीचा आवाज चढला नव्हता, पण सारवणारी बाई थांबली. "घरं हायत ना हितं? साळा हाय ना तितं? मंग वाट लागतीच की. त्याला बघायचं काय?"

हेच मी साहेबांना इंग्रजीतून तीनदा लिहून दिलं होतं.

किशोर साहेबांनी दुसरा तक्ता पहिल्यावर ठेवला. "दोन मोजण्या, दोन्ही निरंक. बरं, अपघात? पोलिसांत एकही नोंद नाही."

"मागच्या आठवड्यात वाडीतल्या एका बाईला टेंपो घासून गेला. हात मोडला. त्यांनी वैदूकडे बांधून घेतला. पोलिसांत कोण जातं त्यांच्यातलं?"

"मग नोंद कशी होणार? पुन्हा मोजू, माझी ना नाही. पण आता पावसाळा. पुढची मोजणी दिवाळी झाली की."

दिवाळी झाली की. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मी पुन्हा भट्टीचं सांगितलं, तर "हो हो, ते आहेच," म्हणाले.

मग मी सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणून बोट वाकडं केलं. वळणावरचा तो कमानीसमोरचा कट मुळातच चुकीचा होता. डोंगराच्या कुशीतून गाडी बाहेर पडते आणि समोर वळणारी गाडी दिसेपर्यंत ब्रेक दाबायला अंतरच उरत नाही. रस्त्याचा पहिला धडा हा, की चालवणाऱ्याला जेवढं पुढचं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. मी अहवालात लिहिलं: हा कट धोकादायक, बंद करावा, अन्यथा मी रस्ता सुरक्षित म्हणून सही करणार नाही. पुढे लिहिलं की दोन्हीकडचं लांबवर दिसतं असा सरळ भाग एकच आहे, वाडीसमोरचा. कट तिथे न्यावा, आणि त्याला झेब्रा, गतिरोधक आणि मध्ये थांबायला जागा द्यावी.

वसाहतवाल्यांचे फोन गेले, वरून माणसं आली, वळण बघून गेली. साहेबांनी मला बोलावून पेढा दिला. "झालं तुमच्या मनासारखं. कट वाडीसमोर."

मी नकाशा उघडला. कट होता. गाड्यांना वळायला छान गोलाई होती. रस्त्यावर कमानीसारखा एक फलकही होता, वसाहतीच्या नावाचा. झेब्रा नव्हता. गतिरोधक नव्हता. थांबायला जागा नव्हती.

"माणसांचं कुठे आहे यात?"

"पादचारी निरंक आहेत ना, मॅडम. ज्यांचा आकडा नाही त्यांच्यासाठी खर्च कसा दाखवू? पण कट तर मिळाला. तुमची वाडीही जाईल त्यातून, कोण अडवतंय?"

"वळणारा माणूस येणाऱ्या गाड्यांकडे बघतो. पुढ्यातल्या पोराकडे बघत नाही. तिथे चारी अंगांनी गाड्या येणार. नुसत्या भिंतीपेक्षा हे वाईट आहे."

"तुमचा आक्षेप नोंदवतो," साहेब म्हणाले. पेढा तिथेच टेबलावर ठेवून मी जिना उतरले. सही केली नाही. तीन दिवसांनी कळलं की माझ्या जागी दुसऱ्या कुणी केली.

श्रावणात मी माहेरी गेले तेव्हा कट सुरू झाला होता. प्लॉट बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रोज रांग लागायची. मी बघायला गेले. वाडीतून ठमी येत होती, कडेवर जिजा, डोक्यावर रानभाजीची पाटी. ती कटापाशी आली, थांबली नाही, रस्त्याच्या कडेने आणखी पुढे चालत गेली. मी धावत तिला गाठलं.

"अगं, कट मागे राहिला."

"तिकडनं नाय जात आमी," ठमी म्हणाली. "तितं गाडी म्होरनं येती, मागनं येती, वलून अंगावर येती. कुठं बघायचं? हितं एका टायमाला एकीकडनंच येती. हितं बरं हाय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तू लय भांडलीस, आयकलं मी. जिजीला धर जरा, मी पाटी घेते."

तिने लेक माझ्या हातात दिली आणि आम्ही अर्धा रस्ता ओलांडून भिंतीपाशी आलो. जिजा हलकी होती आणि तिने सवयीने माझा गळा घट्ट धरला. ठमी पाटीसकट भिंतीवर चढून पलीकडे उतरली आणि जिजासाठी हात वर केले. मी जिजाला तिच्याकडे दिलं, साडी खोचली आणि पाय भिंतीवर टाकला. अशा माणसांसाठी आमच्या अहवालात एक शब्द असतो, बेशिस्त.

मी पलीकडे उतरत होते तेव्हा एक गाडी करकचून थांबली. चालवणाऱ्याने काच खाली केली. चांगल्या घरचा, वयस्क माणूस होता, आणि खरोखर घाबरला होता.

"मरायचंय का तुम्हाला?" तो म्हणाला. "पोरगी आहे हातात. तिकडे एवढी मोठी जागा ठेवलीय ना सरकारने तुमच्यासाठी."

मला त्याला सगळं सांगायचं होतं. भट्टी, पदूबाबा, दोन तक्ते, तुपाचा वास. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. ठमी माझा दंड धरून ओढत होती.

"चल गं ताय," ती म्हणाली. "साळा भरंल."