तीन नंबरच्या मशीनवरची ठिणगी

मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात थंडी पडल्यापासून तीन नंबरच्या मशीनला हात लावायला कोणी धजत नव्हतं. फिल्मचा रोल उचलायला वाकलं की चट् आवाज व्हायचा, निळी ठिणगी उडायची आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मंगळवारी तर कमळाबाईंना असा झटका बसला की त्या मागच्या लाकडी पेटीवर जाऊन आदळल्या.

वायरमन वाल्मिकने टेस्टर लावला, मीटर लावला. करंट कुठेच उतरत नव्हता.

"मशीन में कुछ नहीं है," सुपरवायझर रमणभाईंनी निकाल देऊन टाकला. "कमळाबेन, डर लागतो ना? उद्यापासून झाडू मारा."

अकरा वर्षं मशीन चालवलेल्या बाईच्या हाती झाडू! हे शेजारी उभ्या प्रमिलाला सहन झालं नाही. ती साक्रीची, बारावी सायन्स झालेली. फिल्मजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहते, हे तिने सकाळीच हेरलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "मावशी, ही वायरमधली वीज नाहीच. फिल्म रबरी रोलवर घासते, त्यातून होते. कोरड्या हवेत तर जास्तच."

"मग तिला काढायची कशी, पोरी?"

"ते पावणेतीनशे वर्षांपूर्वीच सापडलंय. अमेरिकेत फ्रँकलिन नावाचा छापखानेवाला होता. लोखंडी गोळ्यात वीज भरायचा. बोथट वस्तू जवळ नेली की चट्! पण सुईचं टोक नेलं, तर ठिणगी नाही, आवाज नाही. वीज गुपचूप निघून जायची. आभाळातली वीजही अशीच टोकदार सळईने उतरवता येईल, असं त्याला वाटलं. पुढे ते खरं ठरलं."

"आमच्या गावच्या शाळेवर आहे तसली सळई." कमळाबाईंनी आपलं बोट निरखलं. "म्हणजे माझं बोट बोथट, म्हणून चट् होतं?"

"बरोब्बर!"

टोकदार तारा मशीनवर बसवायला वाल्मिक आधी कां-कूं करत होता. "मशीन बंद करून तूच जोड, दादा. मी कशाला हात लावते?" असं प्रमिलाने म्हटल्यावर तो तयार झाला. तिने तांब्याच्या जुन्या वायरचे तंतू केरसुणीसारखे पिंजारले आणि एका पट्टीवर ओळीने बांधले. वाल्मिकने पट्टी अर्थिंगला जोडून फिल्मपासून दोन बोटं वर बसवली.

"आ शुं छे? हे काय लावलंय?" रमणभाई आलेच.

"दहा मिनिटं द्या, भाई. नाही जमलं तर मीच काढून टाकते."

मशीन सुरू झालं. प्रमिलाने हात जवळ नेला. लव पुन्हा ताठ! रमणभाईंनी घड्याळात पाहिलं. ती मात्र घाबरली नाही. फिल्मच्या वाटेवरून नजर फिरवत गेली आणि तिच्या लक्षात आलं, की पट्टीच्या पुढे अजून एक रबरी रोल होता. फिल्म तिथे परत घासत होती.

"दादा, बंद कर. पट्टी त्या रोलच्या पुढे घे, फिल्म गुंडाळली जाते तिथे."

मशीन परत सुरू झालं. या वेळी हातावरचा एखादाच केस हलला. रोल भरून मशीन थांबलं. प्रमिला रोलला हात लावणार, तोच कमळाबाईंनी तिला बाजूला सारलं आणि भरल्या रोलवर अख्खा तळवा ठेवला.

आवाज नाही, ठिणगी नाही. त्यांनी दुसराही हात ठेवला.

रमणभाईंनी हातमोजा काढला, रोलला बोट लावलं, मग पूर्ण हात. मग ते वाकून तारांची टोकं निरखू लागले.

"प्रमिलाबेन, बाकी तीन मशीनवरही थोडं चट् होतं. तिथे लावाल?"

"लावते ना. पण आधी या मशीनवर कोण, ते सांगा."

रमणभाईंनी कमळाबाईंकडे पाहिलं. "माझी चूक झाली, बेन. मशीन तुमचंच."

कमळाबाईंनी पदर खोचला आणि भरलेला रोल उतरवायला घेतला. प्रमिला वाल्मिकला सांगत होती, "अजून सहा मीटर तरी वायर लागेल, दादा. आणि या वेळी आधी प्रत्येक मशीनचा शेवटचा रबरी रोल कोणता, ते पाहून घेऊ."