वालाचा पहिला तोडा

अंबाडी नाक्यावर रिक्षा थांबवून हौसा वालाच्या शेंगा निवडत होती. जांभळ्या कडेच्याच घेतल्या, कारण तिच्या परसातला वाल त्याच जातीचा. विकणारी त्या वर्तमानपत्रात बांधायला लागली, तशी हौसाने घाईने घरून आणलेली कापडी पिशवी पुढे केली. कागद दिसला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

टेमघरला तिच्या परसात यंदा वेल मांडवभर पसरला, पण शेंग धरेना. पाठीमागे गोडाऊन उभं राहिलं होतं आणि थंडीतलं तिरपं ऊन त्याच्या भिंतीपलीकडेच अडत होतं. गोडाऊन परक्याचं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. ते त्यांचंच होतं. त्या जमिनीसाठी थोरल्या नणंदेने, आक्काने, हक्कसोडीच्या कागदावर मुकाट अंगठा उठवला होता. मागितलं एवढंच, की दर हिवाळ्यात माहेरच्या वालाचा पहिला तोडा दिघाशीला तिच्या घरी यावा. यंदा तेही जमेना, तेव्हा नवरा केसरीनाथ म्हणाला, घे कुठून तरी, म्हातारीला काय समजतंय. आणि हौसाने ऐकलं, याचीच तिला लाज वाटत होती.

दिघाशीला ओसरीवर आक्काने पिशवी मांडीवर घेतली. एक शेंग उलटसुलट करून बघितली.

"घरच्या ना गं?"

"हां. आपल्याच येलाच्या."

आक्काने शेंगेच्या जांभळ्या कडेवरून, मग देठावरून बोट फिरवलं.

"आपल्याच हायत," ती म्हणाली. "लग्नात मी माहेराहून वालाचं बी आणलेलं. गावात ह्या कडेची शेंग माझ्याच दारात हाय, दुसरीकडं न्हाय. सकाळी मीच अशा लांब देठासकट तोडून शेजारच्या कमळकडं दिल्या, अंबाडीला विकायला."

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊन येत नाही म्हणावं, तर गोडाऊनचं नाव काढावं लागणार. ते या ओसरीवर कोणत्या तोंडाने काढायचं?

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिला मागच्या दारी घेऊन गेली. मांडवावर अजून कोवळ्या शेंगा लोंबत होत्या.

"पदर धर," ती म्हणाली. "केसूला कोवळ्या आवडतात."

हौसाने पदर पुढे धरला. आक्का टाचा उंचावून एकेक शेंग तोडत होती आणि पदरात टाकत होती. पदर जड होत गेला, तरी हौसाला मान वर करवेना.