एडवर्ड साहेबाचं गिरजाघर

इतिहास मी तेहतीस वर्षं शिकवला आणि लिहिला एकदाच. तोही लिहिला नसता तर गावाचं भलं झालं असतं.

आमचं बोडीटोला सौंदडहून सहा किलोमीटर आत. गावात मेथडिस्ट मंडळींचं एक छोटं गिरजाघर आहे. मंडळी म्हणजे अकरा घरं. दारावर १९२४ कोरलंय, तेवढाच काय तो लेखी पुरावा. शंभर वर्षं भरत आली तेव्हा त्यांचे पाळक ओमेशजी माझ्याकडे आले. "गुरुजी, आमच्या देवळाचा इतिहास लिहून द्या न जी." मी कोहळी, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या जातीतला, हिंदू, त्यांच्या मंडळीतला नाही. पण माझ्याइतकं शुद्ध मराठी पंचक्रोशीत कोणी लिहीत नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस मीच. रीतीप्रमाणे दोनदा आढेवेढे घेतले आणि तिसऱ्यांदा हो म्हणालो.

आता कोणीही शहाणा माणूस आधी गावात चार जणांना विचारील. मी नाही विचारलं. इतिहास काय म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहितात? पण कागद-पेन घेऊन बसलो तर माहिती अर्ध्या पानाची आणि पुस्तिका चोवीस पानांची. मग मी एक इंग्रज इंजिनिअर जन्माला घातला. नाव ठेवलं एडवर्ड. पाचवीच्या धड्यात एक एडवर्ड होता, सफरचंद खायचा. तोच मोठा करून बैलगाडीत बसवला आणि नकाशे घेऊन बोडीटोल्यात आणला. खिडक्या वर टोकदार होत्या, त्यांना मी 'गॉथिक' म्हणून टाकलं. गॉथिक म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही.

राहता राहिल्या भिंती. बाहेरून बघितलं की त्या आत कललेल्या दिसतात. मी लिहिलं, 'शंभर पावसाळ्यांच्या माऱ्याने या भिंती झुकल्या, परंतु भाविकांची मान झुकली ती केवळ प्रभूपुढे.' या वाक्यावर मी इतका खूश झालो की बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "भाजी लागून राहिली, सरका."

जुबिलीच्या दिवशी त्याच वाक्याला टाळ्या पडल्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मी वर्तमानपत्रात छापून येतात तसा गंभीर चेहरा करून फोटो काढून घेतला.

सहा महिन्यांनी धुरपताबाई दारात उभी. ऐंशीची बाई, चाळीस वर्षं ते गिरजाघर तीच झाडते. "गुरुजी, देऊळ पाडून राहिले," म्हणाली आणि ओट्यावर बसली.

झालं होतं असं. कवेलू काढून टिनाचं छप्पर घालावं का, हे विचारायला मंडळीनं गोंदियाहून एक इंजिनिअर बोलावला. तो बाहेरून एक चक्कर मारून आला. आत जायचं तर बूट काढावे लागतात, म्हणून आत गेलाच नाही. ओमेशजींना विचारलं, "कब से झुकी है?" ओमेशजी सरळ माणूस, त्यांनी माझी पुस्तिका त्याच्या हातात ठेवली. त्यानं ते पान वाचलं आणि म्हणाला, "किताब में ही लिखा है, हर बारिश में झुक रही है. गिरा दो, नहीं तो किसी के सिर पर आएगी." रविवारी उपासनेनंतर मंडळी निर्णय घेणार होती.

"नवीन बांधतील की," मी म्हणालो.

"कोण बांधन जी? अर्धी घरं गोंदियाले गेली. एकदा पाडलं तं गेलंच. मी मेली का माह्यासाठी गाणं कुठं म्हणतीन, सांगा?"

खरं सांगतो, आधी मला देवळाची काळजी वाटलीच नाही. आपलं बिंग फुटणार, एवढंच डोक्यात आलं. म्हातारी माझ्या ओट्यावर बसून रडत होती आणि मी माझ्या अब्रूचा हिशेब करत होतो. लाज वाटली, पण ती जरा उशिरानं.

सकाळी मी चुलतभाऊ परसरामला घेऊन गेलो. भाऊ चौथी शिकलेला, पण गावतलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, आजही त्याच्याच देखरेखीखाली दुरुस्त होते. मातीचं काही कळलं तर त्यालाच कळेल. त्यानं भिंतीवर हात ठेवला, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसायला लागला.

"खेमराज, हे भिंत कुठं होय गा? हे तं पाळ होय."

"काय?"

"पाळ. खाली रुंद, वर अरुंद. तलाव बांधणाऱ्याले देऊळ बांधाले लावलं, तं तो दुसरं काय बांधन?"

त्यानं खिशातून दोरी काढली, टोकाला दगड बांधून ओळंबा केला आणि मापायला लागला. एक हात वर गेलं की भिंत दोन बोटं आत. पुन्हा एक हात, पुन्हा दोन बोटं. पूर्वेला तेच, पश्चिमेला तेच, चारही बाजूंनी दोन बोटं. पावसानं झुकलेली भिंत इतकी हिशेबी झुकत नाही. मग आम्ही पायातलं काढून आत गेलो. आतून भिंत दोरीला चिकटून सरळ, केसाचाही फरक नाही. भिंत झुकलेली नव्हतीच. ती खाली जाड आणि वर पातळ बांधलेली होती, आमच्या लोकांना दुसरं बांधता येत नव्हतं म्हणून.

"तेव्हा गावात पाळीचं काम कोण करत होतं?" मी विचारलं.

"आपला पणजा. कोण होतं दुसरं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सख्ख्या पणजानं जे बांधलं ते मी सफरचंद खाणाऱ्या पोराच्या नावावर करून टाकलं होतं.

"पण पुस्तकात तर…" मी म्हणालो.

"तं सांग का पुस्तक खोटं हाय." आज पाणी सोडायचं आहे, हे ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात भाऊ बोलला.

रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं, 'अलीकडच्या संशोधनातून काही नवीन बाबी समोर आल्या आहेत.' एवढं म्हणालो आणि पुढच्या बाकावर धुरपताबाई दिसली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पाठ केलेलं भाषण मी तिथंच सोडलं.

"एडवर्ड साहेब कोणी नव्हता," मी म्हणालो. "मी बनवला. भिंती झुकल्या हेही मीच ठोकून दिलं. वाचायला बरं वाटलं म्हणून. भिंती झुकल्या नाहीत. तुम्ही स्वतः मापून बघा."

ओमेशजींनी बायबल मिटून बाकावर ठेवलं आणि परसरामकडून दोरी घेतली. चारही भिंती त्यांनी स्वतः मापल्या, आतून आणि बाहेरून. इंजिनिअर आत जाऊन बघत नाही तोवर भिंतीला कोणी हात लावायचा नाही, असं तिथंच ठरलं.

मंगळवारी तो आला. बूट काढले. अर्धा तास आत होता. बाहेर येऊन म्हणाला, "चलो, रहने दो. सौ साल और खड़ी रहेगी." मला तो काहीच बोलला नाही, हे त्याचे उपकार.

तो गेल्यावर मी पायरीवर बसलो होतो. धुरपताबाई अंगण झाडत जवळ आली.

"माही सासू लगन होऊन नवीनच आली होती तवा," ती म्हणाली. "तिनं मातीच्या टोपल्या वाहल्या इथं. तुमचा पणजा वर उभा राहून वरडे, तुडवा, तुडवा म्हणे. लय वर्षं सांगे ती."

मी चमकून बघितलं. "मग बाई, जुबिलीत पुस्तक वाचलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"तुमी लिवलं होतं न जी." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मले वाटलं, सासूच खोटं बोलत होती. मेलेल्या बाईले मी खोटी समजली, गुरुजी. नातवाइले सांगनंबी सोडलं."