तात्याबा महाराजांचा चंडीगडचा उपास

चंडीगडला जायचं ठरलं तेव्हा आमच्या गावात, न्हावऱ्यात, सगळे म्हणाले, "भिमा, मज्जा हाय तुझी." मी म्हणालो, मजेचं काय, कीर्तन हाय म्हणून चाललोय. तात्याबा महाराजांच्या मागं टाळ धरून माझे केस पांढरे झाले. ते चाल धरतात तेव्हा देव ऐकायला येऊन बसतो, असं मी आजही म्हणेन.

तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पारायणाचं काल्याचं कीर्तन होतं, संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये. बोलावणं धाडलं होतं महाराजांच्या धाकट्या भावानं, सुदर्शननं. तो तिथं सरकारी इमारतींचा इंजिनियर. त्यानं पंजाबी मुलीशी लग्न केलं तेव्हापासून महाराजांनी त्याच्या घरचं पाणी घेतलेलं नव्हतं. कीर्तनाला न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून आले.

सकाळी सुदर्शननं शहर फिरवलं. कुठं रंग न्हाई, नक्षी न्हाई, नुसतं उघडं काँक्रीट. पण सावली अशी पडायची की मी बघत राहिलो. एका मैदानात खांबावर पत्र्याचा भलामोठा पंजा, वाऱ्यानं वळणारा.

"द्यायला उघडा आन् घ्यायलाही उघडा, असा त्याचा अर्थ हाय, तात्या," सुदर्शन म्हणाला.

"कुणी काय घालतंय का त्यात? का नुसताच पसरलाय?" महाराज म्हणाले. "आन् सगळे चौक सारखे. माणूस चुकला तर मेलाच की इथं."

"चुकलेल्याला विचारायला तोंड असतं, तात्या."

"तू विचारलंस व्हय, लगीन करताना?"

सुदर्शननं गाडी घराकडं वळवली.

घरी पोचलो तर छोल्यांचा वास जिन्यापर्यंत आलेला. सुदर्शनची बायको अनुपमा पदर खोचून तव्यावर कुलचे भाजत होती. माळकरी येणार म्हणून कांदा-लसूण वगळलेलं. महाराजांचं ताट वेगळं, भोवती रांगोळी. "भाईसाब, हात धुवा. गरम हाय," ती म्हणाली. मराठी मोडकं, पण त्यात आमच्याकडचं 'हाय' होतं. नवऱ्याकडून घेतलेलं.

आमच्याकडं एक पक्का नेम. ज्या घरी कीर्तन उभं राहील, त्या घरचा घास कीर्तनकारानं घ्यायचा न्हाई, टाळकऱ्यानंही न्हाई. नाम विकायचं नसतं म्हणून. सुदर्शन त्याच घरातला, त्याला ठाऊक. म्हणून तर त्यानं कीर्तन हॉलमध्ये ठेवलं आन् जेवण घरी. भावानं एकदा आपल्या घरी जेवावं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

महाराजांनी ताटाकडं बघितलं. पिशवीतून उपरणं काढलं, गळ्यात टाकलं आन् घराच्या बैठकीत मधोमध उभे राहिले.

"भिमा, टाळ घे. हितं एक अभंग करू."

सुदर्शनचा चेहराच उतरला. एक अभंग उभा राहिला की त्या घरचं अन्न बंद. तेही नेमानं, भांडण न करता.

"तात्या, कीर्तन संध्याकाळी हाय," तो म्हणाला.

"नाम घ्यायला येळ लागती व्हय? भिमा!"

मला राग आला. नेम माझाही होता, जिवापेक्षा जपलेला. तो असा कुणाच्या तोंडावर मारायचा? मी टाळ पिशवीत घातले, मोरीत जाऊन हात धुतले आन् पाटावर बसलो.

"वाढा ताई," म्हणालो.

महाराजांनी एकट्यानं पहिलं चरण म्हटलं. मागं धरायला कुणी न्हाई, आन् टाळकऱ्याशिवाय कीर्तन उभं राहत न्हाई. दुसऱ्या चरणाला आवाज फाटला आन् ते थांबले.

"कीर्तन झालं न्हाई, भाईसाब," अनुपमा म्हणाली. "आता बसा."

"उपास हाय."

"आज कसला उपास, तात्या?" सुदर्शननं विचारलं.

"तुझ्या घरचा."

सुदर्शननं फोन उचलला. मंडळाच्या अध्यक्षांना माझ्यासमोर सांगितलं, संध्याकाळचं कीर्तन होणार न्हाई, हरिपाठ घेऊ आपणच.

"माणसं जमणार हायती!" महाराज ओरडले.

"जमू द्या. माझ्या बायकोच्या हातचा घास ज्याला चालत न्हाई, त्याच्या तोंडून काला मला ऐकायचा न्हाई. काला म्हंजी काय, सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून खायचं. तुम्हीच सांगत आलात."

मग महाराज खाली बसले. ताट पुढं ओढलं.

"कीर्तनासाठी खातो. तुझ्यासाठी न्हाई."

"मग नको," सुदर्शन म्हणाला. "अनु, ताट उचल."

तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, मग वाकून ताट उचललं. महाराजांचा हात छोल्याची वाटी होती तिथं तसाच राहिला.

मी मात्र पोटभर जेवलो. असले कुलचे जन्मात खाल्ले नव्हते. संध्याकाळी हरिपाठाला टाळही मीच धरले. महाराज बाहेर पायरीवर बसून होते.

दौंडला उतरेपर्यंत ते माझ्याशी बोलले न्हाईत. आता गावात लोक विचारतात, त्यांच्या मागं परत उभा राहशील का? बोलावलं तर राहीन, तसा आवाज दुसरा न्हाई. पण यवतच्या सप्त्याला त्यांनी दुसरा टाळकरी नेला.