जोडीचा सर्व्हर

ताईने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होतं. भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. पत्ता फक्त धाकट्या भावाला आणि हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीला ठाऊक. पण हॉस्पिटलच्या ऑफिसला कर्मचाऱ्याचा पत्ता लागतोच, आणि ऑफिसला कुणाच्या रडण्याने पाझर फुटत नाही.

"देऊ का रे?" तिने भावाला विचारलं. हॉस्पिटलचे सर्व्हर तोच सांभाळायचा.

सगळ्यांचे फोन आणि पत्ते डिरेक्टरी सर्व्हरवर असत, आणि तो सर्व्हर म्हणजे निव्वळ धर्मशाळा. नाव नको, पासवर्ड नको. आतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून विचारा, तो सांगून मोकळा. मेहुणा तिथे मशीन दुरुस्तीला येई, त्यामुळे त्याला हे पक्कं माहीत होतं.

भावाने निनावी विचारणा बंद केली आणि पासवर्ड न देता स्वतः विचारून पाहिलं. सर्व्हरने साफ नकार दिला.

"दे बिनधास्त," तो म्हणाला. "आता त्याच्या बापालाही कळायचं नाही."

ताई कितीतरी दिवसांनी हसली.

गडी हुशार, पण उतावळा. एक बंद पडला तर काम अडू नये म्हणून तिथे जोडीचा दुसरा सर्व्हर होता. पहिल्यावर लिहिलेला पत्ता आपोआप दुसऱ्यावर जाई. मनाईचा नियम मात्र जात नसे, तो दोन्हीकडे वेगळा लावावा लागे. हे त्याला तोंडपाठ होतं, तरी राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात मेहुणा ताईच्या दारात उभा राहिला. शेजाऱ्यांनी तिला सोडवलं, पण फार उशिरा.

पोलिसांनी त्याला नेल्यावर भाऊ सर्व्हरच्या खोलीत गेला. पासवर्ड न देता त्याने जोडीच्या सर्व्हरला ताईचं नाव विचारलं. पत्ता आला, मजल्यासकट. त्याने तिथेही निनावी विचारणा तिथल्या तिथे बंद केली, पण आता त्याचा काय उपयोग?

वॉर्डात ताईच्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मैत्रीण दाराबाहेर रडत उभी होती.

"तिला आत येऊ देऊ नकोस," ताई म्हणाली. "पत्ता तुम्हा दोघांनाच ठाऊक होता. ऑफिसातलं तर तू बंद केलंस. मग तिनेच सांगितला ना?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. ताईने चाचपडत त्याचा हात धरला.

"तू आहेस म्हणून जगते रे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो, तिनेच," तो म्हणाला, आणि मैत्रिणीला घालवायला उठला.