ओला पंजा

दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये आमच्या घरात इतकी गर्दी असायची की मला माझ्याच दारातून आत शिरायला "सरका, सरका" म्हणावं लागे. माणसं पायताणं काढून मधल्या खोलीत येत आणि पांढऱ्या भिंतीसमोर हात जोडून उभी राहत. भिंतीवर एक पंजा उमटला होता. रंगाचा नव्हे, नुसत्या ओलीचा. आभाळ भरून आलं की तो गडद होई, कडक ऊन पडलं की जाई. सगळे म्हणत, हा सयाजीच्या बायकोचा हात आहे. सयाजी म्हणजे मी.

माझी बायको रूपाली आदल्या वर्षीच्या पुरात गेली. आमचं लहानसं गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरहून तासाभराच्या एसटीवर. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की बायकांनी खणानारळानं नदीची ओटी भरायची, मग नदी माघारी फिरते, अशी आमच्याकडची समजूत. एकोणनव्वदच्या पुरात ओटी भरली आणि पाणी उतरलं, हे म्हातारी माणसं अजून सांगतात. ओटी भरूनही पाणी चढलं, ती वर्षं कुणी सांगत नाही. रूपाली गेली त्या साली माझ्या आईचे, झुंबरबाईचे, गुडघे धरले होते म्हणून तिनं सुनेला पाठवलं. रूपाली ताट घेऊन पाण्याशी वाकली, पायाखालची माती खचली आणि ती गेली. ताट बाभळीत अडकलेलं सापडलं. ती सापडली नाही.

तेव्हापासून आई बोलेनाशी झाली. पावसाचा आवाज आला की दाराकडे बघत बसायची. पुरानं भिंतीवर ठेवलेल्या मळकट रेघेवर मी दोनदा चुना मारला, तरी ती आतून दिसतच राहिली.

मग ऐन उन्हाळ्यात हंबीरराव भगत उगवला. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्या, खिशात मोबाइल. नदी आपल्या कानात बोलते असं तो सांगे. मोबाइल वाजला की नदीला थांबवून आधी फोन घेई. तांब्यातलं 'सात समुद्रांचं खारं तीर्थ' त्यानं तळव्याला चोळलं आणि त्या रेघेच्या वर भिंतीवर हात दाबला.

"पोरगी नदीत हाय, पर जीव हितं अडकलाय," तो म्हणाला. "पावसाळ्यात हात दावंल. त्या हाताच्या वर पाणी चढणार न्हाय. पर घर सोडलासा, तर ती कायमची गेली."

भिंत वाळली, काही दिसेना. जून लागला आणि हात उमटला. भगतानं जागा दाखवली, तिनं हात ठेवला, असा लोकांनी अर्थ लावला. पंजा बाईच्या मानानं फारच मोठा होता. त्यावर लोक म्हणाले, पाण्यात अंग फुगतं. भगतानं मग गल्लीतल्या निम्म्या घरांत हात दाबले.

आई पुन्हा बोलू लागली. पंजासमोर जेवणाचं ताट ठेवू लागली. "तिनं मला माफ केलंय, म्हणून आली की," असं येईल त्याला सांगे. माझा भगतावर काडीचा विश्वास नव्हता. तरीही घरात कुणी नसताना एकदा मी त्या पंजावर हात ठेवला. गार लागला. बराच वेळ मला तो काढवेना.

पुढे पावसाची झड लागली आणि पाणी चढू लागलं. पंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरत होती, शाळा उंचावर आहे, तिकडे चला म्हणून. पंजे असलेल्या घरांतून कुणी हललं नाही. खुद्द भगत मात्र कोल्हापुरात, शाहूपुरीत, मेव्हण्याच्या तिसऱ्या मजल्यावर मुक्कामाला गेला होता. पाणी आमच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा आई भिंतीला पाठ लावून बसली होती. उचलून नेऊ लागलो तर तिनं खांबाला मिठी मारली.

"एकदा तिला एकटी धाडली," ती म्हणाली. "आता न्हाय सोडायची."

मी तिची मिठी सोडवू लागलो. तेवढ्यात संघप्रिया मांडीभर पाण्यातून आली. ती रूपालीची मैत्रीण, हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिनं वाद घातला नाही. सरळ भिंतीपाशी गेली आणि पंजाला जीभ लावली.

"मावशी, तुमीबी चाखा."

"खुळी झालीस व्हय?"

"चाखा तर."

आईनं पंजावर बोट फिरवलं, ते जिभेला लावलं. "खारट हाय," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "रडत आसंल ती."

संघप्रियाचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. "शाळेच्या भितीवर बी असाच एक हात हाय. बगायला चला. तोबी रूपालीचा वाटला, तर मी सवता तुमाला हितं आणून सोडते."

पाण्याच्या भीतीनं न उठलेली आई त्या दुसऱ्या हातासाठी उठली. मी तिला पाठीवर घेतलं.

शाळेत भिंतीवर खडूनं काढलेली दोन वर्तुळं होती. एकात ओला पंजा, दुसरं रिकामं. मागे उघडीप पडली तेव्हा संघप्रियानं दोन्हींत आपला हात दाबला होता, एकीकडे मिठाच्या पाण्याचा, दुसरीकडे साध्या. इस्त्री फिरवून दोन्ही वाळवले. ढग आले तसा मिठाचा हात परत आला, साध्या पाण्याचा आलाच नाही.

"पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतंय का न्हाय?" तिनं आईला विचारलं. "मीठ हवंतली ओल वढतंय. भगताच्या तांब्यात मीठच हुतं. हवा दमट झाली की त्यो हात दिसणारच, मग पूर येऊ न्हायतर न येऊ."

आईनं तिचा हात धरून त्या पंजावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. समोर उभ्या असलेल्या जित्या बाईचा हात होता तो.

"म्हंजी ती आलीच न्हवती," आई म्हणाली. "म्हंजी तिनं माफबी केलं न्हाय."

त्या क्षणी मला खोटं बोलावंसं फार वाटलं. मी बोललो नाही. आईनं संघप्रियाचा हात सोडला आणि गल्लीत निरोप धाडायला सांगितला, की भिंती चाटून बघा आणि निघून या. अंधार पडायच्या आत गल्ली शाळेत आली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गच्चीवरून आमचं घर दिसलं. पंजा केव्हाच बुडाला होता, पाणी दाराच्या चौकटीच्या माथ्याला लागलं होतं. खाली फाटकाशी चार बायका खणानारळाचं ताट घेऊन नदीकडे निघाल्या होत्या. ताट एका नव्या सुनेच्या हातात होतं. आई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरली आणि फाटकात आडवी उभी राहिली.

"माघारी फिरा. नदीला वटी कळत न्हाय. वर पाऊस पडला की ती चढती, थांबला की उतरती. माझ्या सुनंनं भरलीती की वटी."

तिनं त्या पोरीच्या हातातलं ताट काढून घेतलं, नारळ पायरीवर फोडला आणि शाळेतल्या लेकरांना वाटून टाकला.

हंबीरराव पुन्हा गावात आला नाही. आमच्या भिंतीवर आता पंजा नाही. पुराच्या दोन रेघा आहेत, त्या मी गेरूनं ठळक केल्यात आणि शेजारी सालं लिहिलीत. पावसाचा आवाज आला की आई अजून दाराकडे बघते. मीही बघतो. पण पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आधी आमचं गाठोडं बांधलेलं असतं.

तुमच्या भिंतीवर कधी काही उमटलं, तर पाया पडायच्या आधी ते चाखून बघा. आणि पाणी चढत असेल, तर चाखायलाही थांबू नका. आधी घर सोडा.