सूर्यभानच्या फोटोची डावी बाजू

मी एक जुनी काळी चौकट आहे. मित्रांनो, चौकट म्हटल्यावर तुम्हाला भिंतीवरची वाटेल, पण मला ना काच आहे ना खिळा. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन, एवढाच माझा देह. ते फोटोवर समोरासमोर ठेवून सरकवले की नको तो भाग झाकला जातो आणि हवा तो मधल्या खिडकीत उरतो. फोटो कुठे कापला तर शोभेल, हे न कापताच पाहता यावं म्हणून माझा जन्म.

मला घडवलं आप्पासाहेबांनी, १९७१ साली, एका फाटक्या अल्बमच्या पानांतून. ते औरंगाबादेत शाळेत चित्रकला शिकवत. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी फोटोचं वेड लागलेली दहा-बारा माणसं जमायची. सतरंजीवर फोटो मांडायचे आणि एकेकावर सगळ्यांनी मत द्यायचं. नियम एकच: ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही. ‘फोटोला बोलू द्या, तुम्ही मधी बोलू नका,’ असं आप्पासाहेब बजावत. शेवटी ते मला पाकिटातून काढत. मी फोटोवर टेकले की खोली चिडीचूप. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता. मी झाकेन ते टाकाऊच, असं मी धरून चालले होते.

तीन वर्षांनी सूर्यभान यायला लागला. देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, एस.टी.च्या वर्कशॉपात पत्राकाम करायचा. त्याने पहिल्यांदाच मोठा करून आणलेला फोटो मला आजही आठवतो. धुळीच्या लोटातून मेंढरं येताहेत आणि डाव्या कडेला एक बाई काठी उगारून ओरडते आहे. तिचा हात हलल्यामुळे पुसट आलेला, पदर अर्धा कागदाबाहेर.

आप्पासाहेबांनी मला डावीकडून आत सरकवलं. बाई झाकली गेली.

‘बघा आता, नजर कशी मेंढरांवर ठरती! डावीकडचं उडवा. प्रदर्शनात लावू आपण हा.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. सूर्यभानचे ओठ हलले, पण नियम आठवून त्याने ते मिटून घेतले. इतर लोक घरी जाऊन विचार करत. हा पडला पत्र्याचा कारागीर! त्याने तिथेच ब्लेड मागितलं आणि माझ्या कडेला धरून फोटो सरळ कापला. आजवर माझ्या कडेने कुणी ब्लेड चालवलं नव्हतं. कापलेली चार बोटं रुंद पट्टी फेकायला त्याचं मन होईना. त्याने ती माझ्या पाकिटात सरकवून दिली.

दोन महिने ती बाई आणि मी एकाच पाकिटात राहिलो. ती कोण, हे मी कधी मनातही आणलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. आप्पासाहेब मला हातात घेऊन, सूर्यभानचा फोटो कसा सुधारला ते लोकांना समजावत होते. तेवढ्यात नवं लुगडं नेसलेली एक बाई सूर्यभानबरोबर आली. ती त्याची आई, कस्तुराबाई. ‘तुहा फोटू भितीवर लावणार हाये,’ असं त्याने तिला उन्हाळ्यात फोटो काढतानाच सांगून ठेवलं होतं. पण ती बाजू कापल्याचं सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. जन्मात पहिल्यांदा निघालेला आपला फोटो पाहायला ती सकाळच्या एस.टी.ने आली होती.

तिने फोटो बारकाईने पाहिला. मेंढरं एकेक करून ओळखली. मग वळून म्हणाली, ‘अन् मी कुठं हाये रं?’

आप्पासाहेब सूर्यभानकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

‘त्या कडेला तुमच्या आई होत्या? मग बोलला का नाही?’

‘नियम व्हता ना, आप्पा.’

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची आहे, पण त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

आप्पासाहेबांनी माझं पाकीट उघडलं. फोटो भिंतीवरून उतरवला, पट्टी शेजारी ठेवून दोन्ही तुकडे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवले आणि तसाच परत टांगला. मधला सांधा लांबूनही दिसत होता. कस्तुराबाई जवळ गेली.

‘व्हय, हीच मी. लई हात हालला, नाय का? हालंलच की! मेंढरं काय उगी येत्यात? मी हाकलती म्हून येत्यात.’

‘बाई,’ आप्पासाहेब म्हणाले, ‘मला हे दिसलंच नाही.’

पुढच्या रविवारपासून नियम बदलला. फोटो कुणाचा आणि कशासाठी काढला, ते फोटोवाल्याने आधी सांगायचं. मग बाकीच्यांनी बोलायचं. सूर्यभानच्या फोटोंवर मी नंतरही कितीदा तरी फिरले, आणि त्याने लोकांचं मत मुकाट्याने नव्हे, वाद घालून ऐकून घेतलं.

आप्पासाहेब गेले. आता मी सूर्यभानच्या कपाटात असते. माझे कोपरे मऊ पडले आहेत. त्याची नात मोबाइलवर फोटो पाठवते आणि मिनिटभरात वीस अंगठे येतात. त्यांतल्या एकानेही फोटो नीट पाहिलेला नसतो. तेव्हा ती चिडून मला बाहेर काढते आणि आजोबांपुढे फोटो ठेवते. मला बरं वाटतं.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याच्या कामावर मत जरूर द्या, रोखठोक द्या. फक्त मला सरकवण्याआधी एकदा विचारा, त्या कडेला कोण उभं आहे.